साखरपुड्यात न झालेलं लग्न

अप्पा,

व्हिसा आला. तुमच्या वेळी मुखेडात कुणाच्या तोंडी हा शब्द नव्हता. लांबचा प्रवास म्हणजे मुंबई, आणि त्याला फार तर रिझर्व्हेशन लागायचं. पण आला. परवा हैदराबादहून आमचं विमान आहे. मी, आई आणि तुमचा होणारा जावई असे तिघं निघतोय, आणि तिथं पोचल्यावर दुसऱ्या रविवारी आमचं लग्न आहे. तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा मी लातूरला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते, त्यामुळं पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. आता मी आठ वर्षं ऑस्ट्रेलियात एका इस्पितळात नर्स आहे आणि तिथं कायमचं राहायची परवानगी मला मिळालेली आहे. तुमचा जावई लातूरचाच, मी शिकत होते त्या दवाखान्यात लॅब टेक्निशियन. आमची ओळख भांडणातून झाली. रक्ताच्या नळीवर मी पेशंटचं नाव लिहायला विसरले, आणि त्यानं ती नळी माघारी पाठवली, वर निरोप दिला, "सिस्टरला म्हणावं, हे रगत कुणाचं हाय ते रगत स्वतः सांगत न्हाई." मी आठवडाभर त्याच्याशी बोलले नाही. मग पुढं बारा वर्षं बोलतच राहिले, त्यातली बरीच फोनवर. तुम्हाला तो आवडला असता. तुमच्यासारखाच कागदांचा पक्का आहे आणि तुमच्यापेक्षा पुष्कळ जास्त हसतो.

हे मी आपल्या मुखेडच्या स्वयंपाकघरात बसून लिहितेय. दुपारचे तीन वाजलेत, आई येसराचा मसाला डब्यात भरतेय, आणि मी मधूनमधून तिला सांगतेय की तिथल्या विमानतळावर प्रत्येक डब्याचं नाव फॉर्मवर लिहावं लागतं. ती म्हणते, "लिही की मग, येसर म्हणून लिही. चोरी थोडीच करून राहिलो." याच खोलीत मी तुमची वाट बघायची. तुम्ही हदगावच्या पंचायत समितीत कारकून, आई इथं अंगणवाडीत. तुमची बदली होत नव्हती आणि तिला अंगणवाडी सोडवत नव्हती. सात वर्षं तुम्ही शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायचात आणि सोमवारी उजाडायच्या आत निघायचात. मधला एक रविवार, तोही आमचा नसायचा. तुम्ही बौद्धाचार्य. उमरीपासून देगलूरपर्यंत कुठं ना कुठं लग्न असायचंच, आणि ते लावायला तुम्हीच पाहिजे असायचात. मी नऊ वर्षांची असेन. एका रविवारी मी तुमचा पांढरा सदरा गव्हाच्या कोठीत लपवला. तुम्ही पेटी उपसली, कपाट उपसलं, शेवटी माझ्याकडं बघितलं आणि म्हणालात, "लोकाच्या लेकीचं लग्न हाय. तुझ्या रुसण्यापायी तिनं मांडवात उभं राहायचं का?" मारलं नाहीत, पण त्यापेक्षा मारलं असतं तर बरं, असं मला झालं. आईनं सदरा कोठीतून काढला, झटकला, इस्त्री केली आणि तुमच्या हातात दिला. तेव्हा मी तिचं तोंड बघत होते, अप्पा. तुम्ही बटणं लावत होतात. तुम्ही सगळ्या जिल्ह्याचे संसार जुळवत हिंडलात आणि तुमचा स्वतःचा संसार आठवड्यातून दोन रात्री चालला. हे मी आज पहिल्यांदा म्हणतेय, तेही राग जाऊन खूप दिवस झाल्यावर.

पण त्या दिवशी मी मनात एक गोष्ट धरली ती धरलीच. लग्न केलं की एका घरात राहायचं. ज्या दिवशी माळ घालीन, त्या दिवसापासून त्याचं आणि माझं जेवण एका ताटलीत नाही तर निदान एका ओट्यावर. म्हणून आमचं ठरलं तेव्हा मी मुद्दाम होणाऱ्या नवऱ्याचा व्हिसा निवडला. आधी इथं लग्न करून मग नवऱ्याला बोलावण्याचाही रस्ता होता, बहुतेक जण तोच धरतात. पण त्यात लग्न करून त्याला मागं सोडायचं आणि वर्ष-दोन वर्षं फोनवर संसार करायचा, ते मला नको होतं. मी निवडलेल्या व्हिसाची अट साधी होती. साखरपुडा करा, पुरावे द्या, तो तिथं येऊ द्या आणि आल्यावर नऊ महिन्यांच्या आत लग्न करा. मात्र तो तिथं पोचायच्या आधी लग्न झालं, तर अर्ज बाद. मग सगळं पहिल्यापासून. हे मी आईला सांगितलं, त्याच्या घरी सांगितलं, मामाला तर कागदावर लिहून दिलं. मामा म्हणाला, "हाव हाव, समजलं. आधी पुडा, मंग इमान, मंग लगीन." आणि वर त्यानं चिडवलं, "पोरी नांदायला जातेत हे ऐकलं होतं. हितं पोरगाच नांदायला चाललाय."

साखरपुडा लातूरला झाला, गेल्या वर्षीच्या जानेवारीत. मी तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आले होते. हॉल मोठा, माणसं अपेक्षेपेक्षा दुप्पट. निळी पैठणी नेसून मी वर गेले, अंगठ्या झाल्या, त्याच्या बहिणीनं हौसेनं दोघांच्या गळ्यात हार घातले, टाळ्या झाल्या. इथवर सगळं ठरल्याप्रमाणं. मग मला दिसलं की मागच्या रांगेतून एक परात पुढं येतेय आणि तिच्यातून लोक मूठ मूठ भरून घेताहेत. गुलाबाच्या आणि शेवंतीच्या पाकळ्या. आपल्याकडं अक्षतांच्या जागी पाकळ्याच, त्यामुळं हजार माणसांच्या हातात त्या आल्या की पुढं काय होतं हे तुमच्या लेकीला कुणी सांगायला नको. मी वळून बघितलं तर मामी स्टेजच्या कडेला पिशवी घेऊन उभी, आणि पिशवीतून नवरीच्या पांढऱ्या साडीचा काठ बाहेर आलेला.

कसं झालं ते नंतर कळलं. दोन्हीकडची चार मोठी माणसं चहा घेताना बोलली, की सगळे जमलेच आहेत, जेवण तयार आहे, मग पुन्हा कशाला घोळ, लावून टाकू. साखरपुड्यातच लग्न. आपल्या भागात याच्यासारखी चांगली बातमी नाही. खर्च वाचतो, मानपान वाचतो, पेपरात फोटो येतो. आणि ही रीत इकडं कुणी रुजवली? तुम्हीच की. कुंकू लावायला आलेल्या पाहुण्यांना तुम्ही बसल्या जागी व्याही करून परत पाठवायचात. त्यामुळं व्हिसाची अट त्यांच्या लेखी सरकारी कटकट होती आणि तुमचं नाव त्याहून मोठं होतं. मामाला मी कडेला ओढून म्हटलं, "मामा, मी लिहून दिलं होतं ना?" तो म्हणाला, "अगं, त्येंला कोण सांगायला चाललंय? हितलं लगीन हितं, तिथलं तिथं." मी म्हटलं, खोटं लिहून देणार नाही. तेव्हा तो तुमच्यावर आला. "तुझ्या बापानं जलमभर हेच केलं. त्याच्या लेकीचं लगीन साखरपुड्यात न्हाई लागलं तर लोक तोंडात शेण घालतील आमच्या!" एवढं तो ओरडून बोलला, कारण मागं बँड होता, आणि बँड नेमका त्याच क्षणी थांबला. सगळ्या हॉलनं ऐकलं.

लग्न लावायला उभे होते ते तुमच्या हाताखाली तयार झालेले गुरुजी, जे तुमची सायकल धरायचे ते. आता त्यांचेही केस पिकलेत. त्यांना अटीबिटीचं काही माहीत नव्हतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी माईक घेतला, तुमच्याबद्दल चार शब्द बोलले, आणि मग त्यांनी तुमचा नेहमीचा प्रश्न विचारला. त्रिसरणाच्या आधी, नवऱ्याच्याही आधी, नवरीला. "ताई, तुमची राजीखुशी हाय का?" तुम्ही कुणाची मान हलवलेली चालवून घ्यायचा नाहीत, तसं त्यांनीही घेतलं नाही. "माईकमध्ये बोला," म्हणाले आणि माईक माझ्यापुढं धरला. हार मानेला टोचत होता. समोर पहिल्याच रांगेत आई बसली होती, तिच्या मुठीतही पाकळ्या होत्या.

"नाही," मी म्हटलं. आवाज एवढा मोठा आला की मीच दचकले. मग म्हटलं, "हा मला पाहिजे, पण आज नाही. आज लग्न लावलं तर तो इथं आणि मी तिथं, किती वर्षं ते कुणीच सांगू शकत नाही. माझी आई अशी सात वर्षं राहिली आहे. मी राहणार नाही." मामा खालून ओरडला, "पोरी, तुला अक्कल हाय का?" गुरुजींनी हात वर केला. ते म्हणाले, "नवरी न्हाई म्हणली. आता हितं लगीन लागत नसतंय." त्यांच्या आयुष्यात हे उत्तर त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं, तुम्हाला तर कधीच मिळालं नव्हतं, पण ते एका शब्दानं अडले नाहीत. मग त्यानं, तुमच्या जावयानं, माईक घेतला. मला वाटलं आता हा काय बोलतो. तो म्हणाला, "मलाबी आज नगं. जेवण गरम हाय, बसून घ्या." लोक हसले, आणि हसल्यावर माणूस भांडायला उठत नाही. तेवढ्यात आई उठली, परातीजवळ गेली आणि मूठ उघडून पाकळ्या परत परातीत ठेवल्या. फेकल्या नाहीत, ठेवल्या. तिचं बघून शेजारची बाई उठली, मग तिच्या शेजारची. मी आयुष्यात बक्षिसं घेतलीत, तिथल्या इस्पितळात स्टेजवर जाऊन प्रमाणपत्रही घेतलंय, पण ती परात भरत गेली तेव्हा वाटलं तसं मला कधी वाटलं नाही. फक्त त्याची एक आत्या, जिला ऐकायला येत नाही, तिला वाटलं लग्न लागलं. तिनं आपल्या दोन्ही मुठी आमच्या डोक्यावर रित्या केल्या, आणि फोटोवाल्यानं तोच क्षण टिपला.

मी परत गेले. अर्ज भरला गेला आणि वाट बघणं सुरू झालं. मामा सहा महिने बोलला नाही. आईनं मात्र तयारी सोडली नाही. नांदेडला जाऊन साड्या घेतल्या, माझी पांढरी साडी तिनं स्वतः निवडली. मग पत्रिका छापायच्या म्हणून हटून बसली. लग्न समुद्रापलीकडं असलं तरी आमंत्रण घरोघर गेलंच पाहिजे. पण तारीख? लातूरच्या छापखान्यात तुमचा जावई गेला आणि म्हणाला, तारखेची जागा रिकामी ठेवा, पेनानं भरू. छापखानेवाला चष्मा काढून म्हणाला, "सर, बिनतारखेची पत्रिका म्या जन्मात छापली न्हाई. पोरगी तरी पक्की हाय ना?" हा म्हणाला, "पोरगीच पक्की हाय, बाकी समदं वर हाय." पत्रिकांचा गठ्ठा आमच्या कपाटावर आठ महिने पडून राहिला. इस्पितळात ड्यूटी संपली की मी पहिल्यांदा फोन बघायची, आणि त्यात काही नसायचं. तिथल्या सभागृहाची तारीख मी दोनदा धरली, दोनदा सोडली. तिसऱ्यांदा त्या कचेरीतली बाई मला बघूनच खेदानं मान हलवायला लागली. माझा धीर सुटत होता, हे मी त्याला सांगत नव्हते, आणि त्याचाही सुटत होता, हे तो मला सांगत नव्हता.

मग पत्र आलं. अधिकाऱ्यानं लिहिलं होतं की तुम्ही जोडलेल्या छायाचित्रावरून तुमचा विवाह आधीच झालेला दिसतो, अठ्ठावीस दिवसांत खुलासा करा. मी फोन केला, विचारलं, कुठला फोटो लावलास? तो म्हणाला, "अगं, साखरपुड्याचे फोटो मागितले होते. म्या सगळ्यांत झ्याक आलेला लावला." आत्याचा! गळ्यात हार, डोक्यावर पाकळ्यांचा पाऊस, आणि आम्ही दोघं वर बघून हसतोय. जगातल्या कुठल्याही माणसानं हे लग्नच आहे म्हटलं असतं. नळीवर नाव नाही म्हणून ती मला परत पाठवणारा माणूस हा! मी त्याला इतकं बोलले की मलाच नंतर वाईट वाटलं. लग्न झालं हे सिद्ध करायला दाखला मिळतो, अप्पा. लग्न झालं नाही, हे कशानं सिद्ध करायचं?

हे सुचलं आईला. ती म्हणाली, "त्या दिवशी व्हिडिओवाला होता की. बँड थांबला तरी त्याचं यंत्र चालूच होतं." होतं! सगळं होतं. गुरुजींचा प्रश्न, माझं नाही, परातीत परत जाणाऱ्या पाकळ्या, आणि शेवटी आत्या. जी चित्रफीत कुणाला दिसू नये म्हणून दोन्ही घरांनी लपवून ठेवली होती, तीच आम्ही पाठवायची ठरवली. शब्दन् शब्द इंग्रजीत करून द्यायचा होता. नांदेडला कोर्टाजवळ एक म्हातारे वकील शपथेवर भाषांतर करून देतात. त्यांनी मामाचं वाक्य तीनदा ऐकलं आणि विचारलं, हे शेणाचं कसं करू? तुमचा जावई म्हणाला, "साहेब, जसं हाय तसं. खाडाखोड नगं." तेव्हा लोक मामाच्या तोंडात शेण घालतील ही गोष्ट आता परदेशातल्या सरकारी फायलीत शिक्क्यासह जमा आहे. गुरुजींनी, मी हे लग्न लावलं नाही, असं लिहून दिलं. आणि मामा, सहा महिने न बोललेला मामा, उमरीहून बस पकडून स्वतः कोर्टात आला. म्हणाला, "माझंबी लिहून घ्या. लगीन लागलं असतं तर म्या इतका भांडलो असतो का?" सही करून बाहेर आला आणि त्यानं मला फोन लावला. "त्यात माझा आवाज नीट येतोय ना गं?" मी म्हटलं, सगळ्यांपेक्षा जास्त येतोय. मग आम्ही दोघंही रडलो, आणि बस चुकली त्याबद्दलही तो मलाच बोलला.

व्हिसा आला तेव्हा मी वॉर्डात एका आजीबाईंना सूप भरवत होते. फोन त्याचा. लॅबमधून, हातात मोजे तसेच असणार. तो एवढंच म्हणाला, "नांदायला येऊन राहिलो." मी वाटी खाली ठेवली आणि भर वॉर्डात ओरडले, मराठीत, काय ओरडले आठवत नाही. आजीबाईंनी विचारलं, कुणी गेलं का? मी म्हटलं, नाही हो, येतोय! त्या दिवशी सगळ्या वॉर्डानं माझ्याबरोबर टाळ्या वाजवल्या. आठवड्याभरात मी रजा काढून इथं आले. आईच्या भेटीचा व्हिसा तर त्याच्याआधीच आला होता, आणि त्यावरून ती त्याला रोज चिडवते. पत्रिकांवर तारीख आम्ही तिघांनी मिळून पेनानं भरली. मामानं त्या मुखेड, उमरी, हदगावला स्वतः वाटल्या. तुमच्या जुन्या कचेरीतही एक देऊन आला. लग्नाच्या दिवशी सगळे मामाच्याच घरी मोठा पडदा लावून बघणार आहेत, आणि जेवणही ठेवलंय. विधी आई करणार आहे. तुमचं सगळं पाठ आहे तिला, कधी केलं ते मला माहीत नव्हतं. म्हणाली, "रविवारचे ते तयारी करायचे ना, मी भाकरी करत ऐकायची." सध्या ती भांडी घासताना घोकते, आणि गाथा म्हणताना तिचा आवाज तुमच्यापेक्षा चांगला लागतो, राग मानू नका.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, घडी करून बॅगेत ठेवीन आणि आईला दाखवणार नाही. कारण एक गोष्ट कुणालाच सांगितलेली नाही. सगळे म्हणतात, बापाची लेक शोभलीस, त्याच्याच प्रश्नाला खरं उत्तर दिलंस. मी ऐकून घेते, छाती फुगवते. पण अप्पा, त्या दिवशी माईक गुरुजींच्या हातात होता. तो तुमच्या हातात असता, आणि तुम्ही माझ्याकडं बघून विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं.